विकणे आहे, पी. पी. होवाळ

रविवारी सकाळी विजयमाला होवाळ केसांना तेल लावून बसली होती. तेवढ्यात फोन वाजला आणि पलीकडच्या परक्या पुरुषाने नाव-गाव काही न सांगता विचारलं, "घर केवढ्याला देणार?" ती सवयीने म्हणाली, "नमस्कार, कोणता नंबर हवाय आपल्याला?" त्याने नंबर म्हणून दाखवला. तो तिचाच होता. मग त्याने कुठल्याशा कागदावरून अडखळत वाचलं, "विश्रामबाग, मंदार अपार्टमेंट, दुसरा मजला, हवेशीर, पाण्याची उत्तम सोय. तुमचंच न्हवं?" पत्ताही तिचाच होता. तेलाचा एक ओघळ कानामागून मानेवर उतरत चालला होता. तो पुसावा हेसुद्धा तिला सुचेना. कुणीतरी कुठल्यातरी कचेरीत बसून आपलं घर विकायला काढलं आहे आणि आपल्याला कळवायचं तेवढं राहून गेलं आहे, असं तिला वाटलं. गंमत म्हणजे तिला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. हे घर घेतल्याला तीन वर्षं होत आली होती आणि तेव्हापासून मनाच्या एका कोपऱ्यात ती अशाच कुठल्यातरी फोनची वाट पाहत बसली होती. बाई, चूक झाली, ते घर तुमचं नव्हतं, चावी खाली वॉचमनकडे ठेवून जा. फक्त तो फोन सरकारी आवाजात येईल अशी तिची कल्पना होती. हा माणूस तर तंबाखू खाऊन बोलत होता.

"चौकशी करून सांगते," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

चौकशी करून सांगणं हाच तिचा धंदा होता. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती चौकशीच्या टेबलावर होती. त्याआधी बारा-तेरा वर्षं साताऱ्याला ट्रंक बुकिंगवर काढलेली. कानाला हेडफोन लावून लावून तिच्या आवाजाला एक साजूक वळण लागलं होतं. पलूसजवळच्या गावातला मूळचा आवाज आत कुठेतरी घडी करून ठेवलेला होता आणि वरचा हा आवाज खात्याच्या मालकीचा होता. साताऱ्यात जागा शोधताना ह्या आवाजाने तिची फार पंचाईत केली होती. ती ऑफिसातून फोन करायची तेव्हा जागा रिकामी असायची. जिना चढेपर्यंत ती भरून जायची. "होवाळ म्हणजे कोण हो तुम्ही?" मालकीणबाई दाराची कडी कुरवाळत विचारायच्या. उत्तर ऐकलं की त्यांना एकदम गावाहून शिकायला येणारा भाचा आठवायचा. त्या वर्षी साताऱ्यात इतके भाचे शिकायला येणार होते, की शहराला पाणी पुरायचं नाही, असं ती नवऱ्याला, प्रबुद्धला म्हणाली होती. प्रबुद्ध हसला होता. हसायचं असं त्यांचं ठरलेलंच होतं. शेवटी पोलीस लाइनीमागे एक खोली मिळाली. तिचं दार उघडताना वर उचलावं लागे, आणि त्याच खोलीत त्यांची मुलगी दीक्षा मोठी होऊन दहावी पास झाली.

म्हणून पंचाण्णव साली तिची बदली सांगलीला झाली तेव्हा दोघांनी ठरवलं, आता भाड्याची जागा नको. कुणाला आडनाव सांगायला नको. बिल्डर आडनाव विचारत नाही, चेक कुठल्या बँकेचा ते विचारतो. त्या वर्षी सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, आता घेतलं नाही तर पुन्हा मिळायचं नाही. रिक्षावाले, एलआयसीचे एजंट, ऑफिसातला कॅन्टीनवाला, सगळे एकमेकांना घाबरवत होते. होवाळांनी खात्याचं कर्ज काढलं, सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या आणि चार लाखांना सव्वासहाशे फुटांचा फ्लॅट घेतला. घेतला आणि भाव उतरायला लागले. आपण सही करायचं थांबलो असतो तर भावही थांबले असते, असं तिला उगीचच वाटत राहिलं. प्रबुद्ध साताऱ्याला पाटबंधारे खात्यात होता. तो शनिवारी संध्याकाळच्या एस्टीने यायचा, हॉलमध्ये मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "आपल्याला कुठं विकायचंय? मग भाव वर गेला काय नि खाली गेला काय." हे बरोबर होतं. पण सोमवारी पहाटे तो साताऱ्याला निघून जायचा आणि घरात भाव तेवढा उरायचा. सासूबाई बनाबाई पहिल्यांदा घर बघायला आल्या तेव्हा त्या सगळ्या खोल्या फिरल्या, न्हाणीघरात उभ्या राहून वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, "समदं ब्येस हाय. पर जमीन कुठं हाय गं?" खाली दुसऱ्याचं घर, वर दुसऱ्याचं घर. "म्हंजी चार लाखाची हवा घेतली म्हणा की." पुढे गुडघे धरले तशा त्या हवेतच राहायला आल्या.

दारावर टकटक झाली. शेजारच्या विनोदिनी हर्डीकर पेपर हातात घेऊन उभ्या होत्या आणि लग्न ठरल्यासारख्या हसत होत्या. "आला वाटतं फोन! आत्ता येईल असं ह्यांना म्हणतच होते." त्यांनी पेपरातली जाहिरात बोटाने दाखवली. *फ्लॅट विकणे आहे*, खाली हवेशीर वगैरे आणि शेवटी नंबर, *पी. पी. होवाळ*, म्हणजे फोन शेजारच्या होवाळांकडचा. "तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं बघा. आमचा फोन कधी लागायचा तो लागो. तुम्ही त्याच खात्यातल्या, आणि आवाज किती गोड तुमचा! आम्ही आता पुण्याला मुलाकडे, निमिषकडे जाऊन राहायचं म्हणतोय." विजयमालाने जाहिरात पुन्हा वाचली. आपल्याला राग आला असावा असं तिला आधी वाटलं. मग लक्षात आलं, तो आनंद होता. हर्डीकर जाणार होते.

हर्डीकर जाणं म्हणजे काय, हे त्या भिंतीच्या अलीकडे झोपणाऱ्यालाच कळेल. विनोदिनीबाई मेतकूट आणि चटण्या करून विकायच्या. त्यांचा मिक्सर नेमका विजयमालाच्या उशाच्या भिंतीला लागून होता. उजाडायच्या आत तो सुरू झाला की ती स्वप्नातसुद्धा दळली जायची. गोपाळकृष्ण हर्डीकर साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्याबरोबर, कुणी निवडून न देताच, ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले. टाकीची चावी त्यांच्या जानव्याला असायची आणि पाणी कधी सोडायचं हे ते त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरवायचे. जिन्याच्या दारावर लाल शाईतल्या सूचना लागायच्या. 'काही सभासदांकडे गावाकडील पाहुण्यांची वर्दळ असते, त्यांनी पाण्याचा विचार करावा.' काही सभासद म्हणजे कोण, हे बनाबाईंच्या बहिणी येऊन गेल्या की कळायचं. दोन दारांमधल्या जागेत हर्डीकरांचं मोडकं कपाट, निमिषची जुनी सायकल आणि कोळशाचं पोतं होतं. विजयमाला रोज अंग चोरून त्यातून जायची. तीन वर्षं ती अंग चोरून जात होती आणि वर "असू दे, असू दे" म्हणत होती. ऑफिसात ती भांडायची. गावी चुलतदिराशी बांधावरून अख्खी गल्ली गोळा होईपर्यंत भांडली होती. पण ह्या जिन्यात तिच्या तोंडून खात्याचा आवाजच बाहेर पडायचा. कृपया प्रतीक्षा करा.

मग रविवार सुरू झाले. फोनवाली माणसं प्रत्यक्ष यायला लागली. पहिल्याच रविवारी हर्डीकरांनी स्वतःचं घर दाखवलं. ते गिऱ्हाईक मेतकुटाच्या पिंपाला अडखळलं आणि शिंकत शिंकत जिना उतरलं. पुढच्या खेपेला विनोदिनीबाईंनी युक्ती काढली. बेल वाजली, विजयमालाने दार उघडलं आणि त्यांच्या मागून चार अनोळखी माणसं चपला काढून आत आली. "हे बघा, आमचं अगदी अस्संच आहे. फक्त आरशात बघितल्यासारखं उलटं. आमचं सामान जरा हललेलं आहे ना, म्हणून इथे दाखवते." माणसं आत शिरली. त्यांनी तिचं स्वयंपाकघर पाहिलं, कडाप्प्यावर बोट फिरवलं, संडासचं दार उघडून नळ सोडून पाहिला. बनाबाई आत चोळी बदलत होत्या. त्यांनी आतून "कोन हाय रं मुडद्या?" अशी हाक दिली, तेव्हा कुठे बेडरूम तेवढी राहिली. जाताना त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "तीनच्या वर एक पैसा देऊ नको." तो हर्डीकरांच्या घराबद्दल बोलत होता. पण पाहिलं होतं विजयमालाचं. त्या रात्री जेवताना तिला आपल्या घराच्या भिंती किंचित आत सरकल्यासारख्या वाटल्या. लाख रुपयांएवढ्या.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून दुसऱ्यांचे नंबर सांगता सांगता तिच्या डोक्यात एक पेच तयार झाला आणि मग तो आठवडाभर सुटला नाही. हर्डीकर जायला हवेत. पण ते स्वस्तात गेले तर त्यांच्या घराचा भाव तोच तिच्या घराचा भाव. उद्या दीक्षाच्या कराडच्या इंजिनियरिंगसाठी घरावर कर्ज काढायचं म्हटलं तर बँकेचा माणूस शेजारचाच व्यवहार पुढे ठेवणार. म्हणजे हर्डीकर जायला तर हवेत, पण महागात जायला हवेत. आणि ते महागात जायचे असतील तर हर्डीकरांच्या हाती ते काम सोडून भागणार नव्हतं. गिऱ्हाइकासमोर गोपाळकृष्ण जमिनीच्या एनए ऑर्डरचा इतिहास सांगायला लागत, आणि विनोदिनीबाई सांगत की आम्ही काही अडून विकत नाही, नाही विकलं तरी चालेल, पण विकायचंच आहे.

म्हणून तिसऱ्या रविवारी विजयमाला स्वतः बोलायला लागली. आधी नुसती माहिती दिली. पाणी दोन वेळ येतं, शाळा जवळ आहे, मार्केट यार्डाला चालत जाता येतं. मग एक बाई गॅलरीत उभी राहून नाक मुरडायला लागली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "संध्याकाळी इथे बसून बघा. दिवसभर तापलेली भिंत निवत जाते. मग यार्डाकडून हळदीचा वास येतो. कच्च्या नव्हे, शिजवलेल्या हळदीचा." बाईचं नाक जागेवर आलं. विजयमालाला स्वतःलाच नवल वाटलं. आपण संध्याकाळी गॅलरीत कधी बसलो होतो? ती संध्याकाळी बसायची ती हप्त्याच्या काळजीत. पण वास तर खरा होता, कुठेतरी नाकाने परस्पर घेऊन ठेवलेला. त्या दिवसापासून तिला बोलायचा नाद लागला. ट्यूबलाइट न लावता सुपारी कातरता येईल एवढा उजेड ओट्यावर येतो. पावसाळ्यात छपरावरचं पाणी पश्चिमेच्या पन्हळीतून उतरतं त्याचा आवाज झोपेला बरा. इथे मुलं अभ्यासाला बसली की उठत नाहीत. खात्याचा साजूक आवाज पहिल्यांदाच खात्याव्यतिरिक्त कामाला आला होता. "शेजार कसा काय?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "शेजारी आम्हीच," आणि हसायची. गोपाळकृष्ण हात मागे बांधून दाराशी उभे असायचे. एकदा तर गिऱ्हाईक गेल्यावरही ते तिच्या गॅलरीत उभे राहिले. घर हुंगत असल्यासारखे.

मधल्या काळात निमिषचे फोन तिच्याकडे येत, म्हणजे हर्डीकर तिच्याकडे येऊन त्याला लावत. विनोदिनीबाई मोठ्याने बोलायच्या, पुणं लांब असल्यामुळे. "अरे, एक गिऱ्हाईक पक्कं होतंय. तुझ्याकडची मागची खोली रिकामी कर हं." विजयमाला आत कणीक मळत असायची. पलीकडचं तिला ऐकू येत नव्हतं, पण ऐकण्याची गरजही नव्हती. फोनच्या पलीकडे माणूस गप्प झाला की अलीकडच्या माणसाच्या खांद्यांत काय होतं ते तिने पंधरा-सोळा वर्षं पाहिलेलं. विनोदिनीबाईंचे खांदे आधी ताठ व्हायचे, मग हळूच उतरायचे, आणि आवाज मात्र आणखी मोठा व्हायचा. "हो हो, बघू ना. घाई नाही. सूनबाईंना विचार. बघू." फोन ठेवून त्या म्हणायच्या, "फार आनंद झाला त्याला." विजयमाला म्हणायची, "होणारच." कणकेत तिचं पाणी जास्त व्हायचं.

ह्या सगळ्यात तिला विनोदिनीबाईंबद्दल माया वाटायला लागायच्या बेतात होती, तेवढ्यात तो मिरजेचा गृहस्थ आला. सफारी घातलेला, बोलायला मऊ. घर त्याला पसंत पडत चाललं होतं. स्वयंपाकघर बघून तो "वा" म्हणाला आणि हॉलमध्ये येऊन वर बघितलं. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, तीन वर्षं तिथेच होता. गृहस्थाने घड्याळ पाहिलं. "ह्या मजल्यावर एकूण बिऱ्हाडं किती?" त्याने विचारलं. दोन, हे उत्तर त्याने मनात दोनदा मोजलेलं विजयमालाला दिसलं. मग त्याला मिरजेत कुणाला तरी भेटायचं आठवलं. साताऱ्याचे भाचे आता मिरजेपर्यंत आले होते. तो गेल्यावर विनोदिनीबाई थोडा वेळ घुटमळल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणते, ते फोटो रविवारपुरते आतल्या खोलीत लावले तर? म्हणजे आमचं काही नाही हो. आम्ही तसलं मानत नाही. पण गिऱ्हाइकाचा उगीच गैरसमज नको."

आणि विजयमाला म्हणाली, "बघते."

बघते! हा शब्द तिला आठवडाभर खायला उठला. एक्स्चेंजमध्ये कुणी डॉक्टरचा नंबर विचारला की तिला स्वतःचा 'बघते' ऐकू यायचा. काय बघणार होतीस? भिंत? खिळा? जे घर आडनाव सांगायला लागू नये म्हणून घेतलं, त्या घराच्या भिंतीवरून त्यांनाच आत पाठवायचं, आणि का, तर भाव चढा राहावा म्हणून? शनिवारी प्रबुद्ध आला. तिने त्याला सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही. बूट काढता काढता थांबला आणि एक बूट हातात धरून बसून राहिला. "मग काय करायचं म्हणतेस?" त्याने विचारलं. उत्तर बनाबाईंनी दिलं. त्या आतून ऐकत होत्या. "करायचं काय त्यात? त्यो फोटो हलायचा न्हाई. तिला म्हनावं, तुज्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यात खुपत आसंल तर तूच जा आतल्या खोलीत." आणि रविवारी सकाळी त्यांनी वॉचमनला पाठवून झेंडूची माळ आणवली. एरवी जयंतीला आणायचे त्यापेक्षा दुप्पट लांब. ती फोटोवरून दोन्ही बाजूंनी लोंबत जवळजवळ टीव्हीपर्यंत आली. विनोदिनीबाई गिऱ्हाईक घेऊन दारात आल्या, माळ बघितली आणि दारातच थांबल्या. गिऱ्हाईक मात्र थांबलं नाही.

ते होते कराडच्या अलीकडच्या एका गावचे तात्याबा आणि त्यांची बायको तानुबाई. ऊस चांगला झाला होता, नातवंडांना सांगलीच्या शाळेत घालायचं होतं. तात्याबांनी फोटोकडे बघितलं, माळेकडे बघितलं आणि विचारलं, "आज काय हाय?" "काही नाही, रविवार," विजयमाला म्हणाली. "बरं बरं," म्हणून त्यांनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवायला सुरुवात केली. कलिंगड वाजवावं तशी एकेक भिंत वाजवत ते घरभर फिरले. "भरीव हाय. पाणी किती येतंय? खरं सांगा, गिऱ्हाइकाला सांगता तसं नगं." विजयमालाने खरं सांगितलं. "तुमी कुठल्या?" "पलूसकडच्या." "मग आपल्याच की. आमची थोरली तिकडंच दिलीया." तानुबाई तोवर गॅलरीत जाऊन बनाबाईंच्या शेजारी फतकल मारून बसल्या होत्या, आणि निघायची वेळ झाली तरी उठेनात. "आवं, हितं लय गार लागतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या की हे." बोलणी झाली. हर्डीकर साडेचारवरून उतरले, तात्याबा सव्वातीनवरून चढले आणि दोघे चारला दहा हजार कमी इथे येऊन टेकले. पुढच्या रविवारी इसार द्यायचा ठरला. विजयमालाने मनात हिशेब केला. दहा हजारांची हवा गेली, बाकीची जागेवर होती. आणि मिक्सर जाणार होता. त्या आठवड्यात पहाटे मिक्सर सुरू झाला की ती अंथरुणात पडून त्याला मनातल्या मनात निरोप द्यायची.

रविवारी तात्याबा टोपी बदलून आले. बरोबर पेढ्यांचा पुडा होता. सगळे विजयमालाच्याच हॉलमध्ये बसले, कारण हर्डीकरांकडे बसायला जागा नव्हती. प्रबुद्धने साक्षीला म्हणून पेन काढून ठेवलं. गोपाळकृष्ण आले, उभेच राहिले, आणि सूचना वाचून दाखवावी तसं म्हणाले, "आम्ही विकण्याचा विचार रहित केला आहे."

कुणाला काही कळेना. तात्याबांनी विचारलं, "कमी पडलं का काय? तसं सांगा." "नाही नाही. पैशाचा प्रश्न नाही," गोपाळकृष्ण म्हणाले आणि विजयमालाकडे वळले. "ह्या बाईंमुळे. ह्या दर रविवारी बोलत गेल्या आणि मी ऐकत गेलो. आपण इतकी वर्षं इथे राहतो आणि आपल्याला हळदीचा वास माहीत नाही! परवा मी आमच्या गॅलरीतलं सामान हलवलं, खुर्ची टाकून बसलो. आला हो वास. हिलाही दिला. पुण्यात काय मिळणार असं?" विनोदिनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होत्या. विजयमालाला त्यांचे खांदे दिसले. शेवटचा फोन बुधवारी झाला होता आणि फार थोडक्यात झाला होता. हळदीचा वास पुण्यात मिळणार नव्हता हे खरंच होतं. पण मागची खोलीही मिळणार नव्हती, आणि हे ह्या हॉलमध्ये फक्त तिला आणि त्यांना ठाऊक होतं.

तात्याबा उठून उभे राहिले. "म्हंजी मी काय टोपी बदलून यायला येडा हाय व्हय?" मग त्यांची नजर भिंतीवरून, ओट्यावरून फिरत विजयमालावर आली. "बाई, मग तुमचंच द्या. मी बघितलंय ते तुमचंच की. त्यांचं घर मी बघितल्यालंच न्हाई. चारावर पंचवीस हजार घ्या. आत्ता इसार देतो."

चार लाख पंचवीस हजार. तीन वर्षं ज्याच्यासाठी तिची झोप उडाली होती तो आकडा पुडीतल्या पेढ्यासारखा समोर ठेवलेला होता. घरातले सगळे तिच्याकडे बघत होते. प्रबुद्धही बघत होता, त्याने पेनचं टोपण काढून पुन्हा लावलं. हो म्हणायला तिने तोंड उघडलं असं तिला आठवतं. मग तिच्या डोळ्यांपुढे एक जिना आला. कुठला ते कळेना, पण ती तो चढत होती आणि वर कुणीतरी दाराची कडी कुरवाळत उभं होतं. "पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते," ती म्हणाली. "असू द्या," तात्याबा म्हणाले. "लिफ्ट होणार म्हणतात ती होणार नाही." "आमाला पाय हायत." "सकाळी मिक्सर असतो." "कसला मिक्सर?" आता तिला सांगायला काही उरलं नाही. ती म्हणाली, "न्हाई वो द्यायचं. आमी हितं ऱ्हातो." हे कुणाच्या आवाजात बोललो म्हणून तिने स्वतःच इकडेतिकडे बघितलं. तात्याबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, पेढ्यांचा पुडा बनाबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्ये आधी सांगायचं. एवढं गोड कशापाई बोलायचं मग?" तानुबाईंना गॅलरीतून उठवायला मात्र दोघांना हात द्यावा लागला.

त्यांची जीप वळली न वळली तोच गोपाळकृष्ण हर्डीकर कागद घेऊन पुन्हा दारात आले. लाल शाई अजून ओली होती. "आता आम्ही कायमचेच म्हटल्यावर व्यवस्था नीट लावायला हवी," ते म्हणाले. "टाकी साफ करायची पाळी ह्या महिन्यापासून तुमच्याकडे. पाहुणे आले तर आधी कळवायचं. आणि जाहिरातीचे फोन अजून महिनाभर येत राहतील. त्यांना सांगा, विकायचं नाही म्हणून. पण जरा सविस्तर सांगा. तुम्हाला छान सांगता येतं."

विजयमाला काहीतरी साजूक बोलायला गेली आणि ते आलंच नाही. लाइन लागलीच नाही. त्याऐवजी खालून, पोटातून, पलूसच्या बांधावरून दुसरंच काहीतरी वर आलं. "आवं हर्डीकर," ती म्हणाली आणि तो आवाज तळमजल्यापर्यंत जाऊन परत आला, "मी तुमची आपरेटर हाय व्हय? टाकी मी का धू? चावी तुमच्या जानव्याला आन् टाकी माज्या डोक्यावर? पाव्हणं माजं, घर माजं, तुमाला कशापाई कळवू? आन् ह्ये कपाट! तीन वर्सं मी हितनं आडवी जातीया, खेकडी झाली माजी!" वरच्या मजल्यावरची दारं उघडली, खालच्या मजल्यावरचीही. बनाबाईंनी आतून पाट आणला, दारात टाकला आणि पेढा तोंडात टाकून बसल्या. गोपाळकृष्ण दोन पावलं मागे सरले, पण सायकलला अडून थांबले आणि मग त्यांनाही कंठ फुटला. सोसायटीचे नियम, घटना, कलम. विनोदिनीबाई धावत बाहेर आल्या. "अहो, एवढं काय झालं बोलायला?" "फोटो आत लावा म्हणलासा, त्ये झालं!" विजयमाला म्हणाली. "कुणाचा फोटो आत लावायचा? तुमच्या देव्हाऱ्यातला गणपती मी कवा माळ्यावर टाका म्हणलं?" विनोदिनीबाईंचा चेहरा उतरला. "तसं नव्हतं हो माझं," त्या म्हणाल्या. "मग कसं हुतं?" विनोदिनीबाईंनी एकदा वरच्या दारांकडे बघितलं, एकदा खालच्या; सगळा जिना कान देऊन उभा होता. पण त्या मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. "आणि तुमच्या सासूबाई पहाटे खाकरतात ते? माझा मिक्सर तरी पाच मिनिटांत थांबतो!" "मी खाकरीन न्हाईतर काय करीन," बनाबाई पाटावरून म्हणाल्या.

एकदा विजयमालाच्या जिभेवर निमिष आला. अगदी टोकावर आला. एकच वाक्य पुरलं असतं आणि हर्डीकरांचं दार कायमचं बंद झालं असतं. समोर विनोदिनीबाईंचे खांदे होते, ताठ, भांडणासाठी सज्ज. पुण्याच्या फोनवर ते असे कधी दिसले नव्हते. तिने ते वाक्य गिळलं आणि त्याच्या जागी कोळशाच्या पोत्याचा विषय काढला. पोत्यावर बराच वेळ निघाला. तिला घाम आला होता, पदर खांद्यावरून घसरला होता, घशात खरखर होती आणि पायांखालची फरशी तिला तळव्यांना एकेक चौकोनात, गार लागत होती. प्रबुद्ध दाराच्या आडून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि हे त्यांच्या ठरलेल्यातलं नव्हतं.

दोन्ही घरांतले कुकर एकदमच शिट्ट्या द्यायला लागले. विनोदिनीबाई म्हणाल्या, "माझा भात लागेल हो." विजयमाला म्हणाली, "माजी डाळ हाय." गोपाळकृष्ण म्हणाले, "मग हे अर्धवट राहिलं त्याचं काय?" दोघी एकदमच म्हणाल्या, "जेवून घ्या आधी!" दारं लागली. होवाळांकडे त्या दिवशी सगळे भरपेट जेवले. जेवल्यावर विजयमाला गाढ झोपली. उठली ती उन्हं उतरल्यावर. चहा घेतला, केस सारखे केले, दार उघडून बाहेर आली. कपाट तिथेच होतं. तिने त्याला कंबर लावून ते हर्डीकरांच्या दाराकडे एक वीतभर ढकललं, जोरात, आवाज होईल असं.

भांडण पुन्हा सुरू झालं. ह्या वेळी सुरुवात तिने केली होती.